उद्यापासून हवामान बंद

४ नोव्हेंबर

सदरलेखक महाशयांस,

तू फोन उचलत नाहीस. मेसेज केला की अंगठा पाठवतोस. परवा मी कळवलं की आप्पांना पुन्हा ताप भरला होता, तर त्यालाही अंगठा. म्हणून हे कागदावर लिहितेय. पाकीट फाडायला निदान दोन्ही हात लागतील.

कालचं 'आजचा दिवस' आप्पांना वाचून दाखवलं. सन १९५७, लायका नावाची कुत्री अंतराळात गेली तो दिवस. तिला वर पाठवताना परत आणायची काही सोयच केलेली नव्हती, असं लिहून पुढे दहा ओळी तू हळहळला आहेस. तिला शेवटी कोणाची आठवण आली असेल, वगैरे. आप्पांनी चादरीच्या टोकानं डोळे पुसले आणि म्हणाले, "पहिल्यापासून हळवा आहे तो." मी पेपरची घडी घातली आणि गच्चीवर जाऊन वाळलेल्या चादरी ओढून काढल्या. तिथेच बसले असते तर तोंडातून काहीतरी गेलं असतं.

आपलं काय ठरलं होतं ते तू सोयीनं विसरला असशील, तर ऐक. आप्पा पडले, त्यानंतर दोन महिन्यांत तू पुलापलीकडचा फ्लॅट विकलास आणि अठरा तासांवरच्या शहरात जाऊन बसलास. जाताना माझा हात धरून म्हणालास, "ताई, आप्पांना सांगू नकोस. मी पळून गेलो असं वाटेल त्यांना." मी म्हटलं, बरं, ते उठून हिंडायफिरायला लागले की सांगू. ते उठलेच नाहीत. संपादकांनाही तू काही बोलला नाहीस, कारण 'आपल्या गावातला आपला माणूस' असं त्या सदरावर छापलेलं असतं. आणि मग तीन वर्षं रोज सकाळी मी लॉजच्या चादरी वाळत घालता घालता आभाळाकडे बघायचं, एक ओळ तुला पाठवायची, तू तिला झालर लावायचीस, खाली थोडा इतिहास, एक चमत्कारिक माहिती आणि तुझं चिंतन जोडायचंस, आणि चार वाजता संध्याकाळचा पेपर आमच्या दारात पडायचा.

आप्पांच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते हे तुला माहीत आहे. पुढच्या खोलीत माझी धुलाईची यंत्रं आणि इस्त्रीचं टेबल. त्यामुळे बाहेर ऊन आहे की पाऊस, हे त्यांना तुझ्या सदरातून कळतं. आणि तू इथेच, पुलापलीकडे, दहा मिनिटांवर राहतोस हेही त्यांना तुझ्या सदरातूनच कळतं. "रोजच्या रोज एवढं लिहायचं म्हणजे खायचं काम नाही," असं म्हणून तू न आल्याबद्दल ते तुला माफ करतात. तीन वर्षं करताहेत.

आता मुद्द्याचं. खुब्यात बसवलेली पट्टी सैल झाली आहे आणि जखम आतून चिघळते आहे. हाडांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, पुन्हा उघडावं लागेल. सव्वीस तारखेला खाट मिळते आहे. नाही केलं तर बसणंही विसरा, आणि ताप असाच येत राहिला तर पुढचं मी बोलत नाही, असं ते म्हणाले.

आप्पा नको म्हणत नाहीत. नको म्हणाले असते तर मी भांडले असते. ते म्हणतात, "तो येऊ दे. त्याच्याशी बोलून ठरवू. घाई काय आहे, पुलापलीकडे तर आहे." अठरा तासांवरच्या मुलासाठी माणूस थांबत नाही, आपलं आपण ठरवून टाकतो. दहा मिनिटांवरच्यासाठी मात्र थांबून राहतो.

म्हणून वीस तारखेच्या आत ये. पुलापलीकडून आल्यासारखा ये, हवं तर. खोटं बोलायला मी मदत करीन, एवढी सवय मला झाली आहे.

ताई
(हवामान खातं)


१० नोव्हेंबर

तुझं उत्तर पोचलं. पत्रानं नाही, सदरातून.

"घरच्या माणसांना आपण नेहमी कमीच कळतो, अनोळखी वाचकाला मात्र नेमके कळतो." हे परवाचं चिंतन. मला टोमणा मारायचा होता तर सरळ मारायचास. अख्ख्या गावाला मध्ये घालून काय मारतोस? आणि तो मीच माझ्या तोंडानं आप्पांना वाचून दाखवायचा. ते म्हणाले, "वाचकांचं फार प्रेम आहे त्याच्यावर." मी म्हटलं, हो, फार आहे.

काल सकाळी मी तुला लिहिलं होतं, "धुकं. पूल दिसत नाही." तू छापलंस, "आज गावानं पांघरूण डोक्यावरून घेतलं आहे आणि नदीला ऐलतीर तेवढा उरला आहे." चांगलं आहे, मी नाही कुठे म्हणते. पण सकाळी चहा देताना मीच आप्पांना म्हटलं होतं की बाहेर दाट धुकं पडलंय, तेव्हा ते म्हणाले होते, "असेल. पेपर येऊ दे." चार वाजता तुझं वाक्य ऐकलं आणि मला म्हणाले, "बघ, याला म्हणतात बघणं. तुझं आपलं धुकं म्हणजे धुकं." माझंच धुकं, बाबा, तुझ्याकडून इस्त्री होऊन आलेलं. मी गिळलं. गेली तीन वर्षं गिळतेच आहे आणि आता ते घशाशी आलं आहे.

कालच्याच सदरात १९८९ सालची बर्लिनची भिंत होती. लोक हातोड्या घेऊन कसे धावले, एकमेकांना न भेटलेली भावंडं रस्त्यात मिठ्या मारून कशी रडली. सुंदर लिहिलंस. एका भावंडानं रेल्वेचं तिकीट काढायचं तेवढं ठेवलंस. आणि खाली चौकटीत काय, तर ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. त्यातलं एखादं उसनं मिळतं का विचार.

एक गोष्ट तुझ्या सदरात कधी येत नाही, ती मी सांगते. पेपरात नाही, इथेच, म्हणजे घाबरू नकोस.

पुलापलीकडच्या तुझ्या नव्या फ्लॅटवर त्या दिवशी संध्याकाळी मेजवानी होती. पाहुण्यांपैकी चारदोन दुपारपासूनच येऊन बसले होते. गॅलरीची बाहेरची भिंत राखाडी राहिलेली तुला बघवत नव्हती. आप्पांनी सत्तरी गाठली होती, ब्रश खाली ठेवून त्यांना काही वर्षं झाली होती, पण लेकाच्या भिंतीला दुसऱ्या रंगाऱ्याचा हात लागलेला त्यांना चालणार नव्हता. वरून टांगलेली फळी, डबा, ब्रश, सगळं स्वतः बांधलं त्यांनी. सकाळी सर येऊन गेली होती. मी आत ताटल्या पुसत होते आणि तुझा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "आप्पा, फळी सुकलीय, चढा बिनधास्त."

ते चढले. पुढचा आवाजही मी ऐकला.

मी तुला त्या दिवशी काही बोलले नाही आणि नंतरही नाही. न बघता बोलून टाकायची सवय आहे याला, असं मनाशी म्हटलं. लहानपणीही दप्तर न उघडता "सगळं घेतलंय" म्हणायचास. पण चूक झाली तर माणूस उशाशी येऊन बसतो. तू घर विकलंस.

वीस तारीख. लक्षात ठेव.

ताई


१६ नोव्हेंबर

शेवटी पत्र आलं तुझं. दोन पानं. अक्षर सुधारलं आहे, बाकी काही नाही.

"नवी नोकरी आहे, रजा मिळत नाही." बरं. मग मागच्या महिन्यात डोंगरावर चार दिवस काय नोकरी करत होतास? तिथला सूर्योदय तू आपल्या पुलावरून दिसला म्हणून खपवलास. अरे, आपल्या पुलावरून सूर्य मावळताना दिसतो. गावातल्या कुणाच्या लक्षात आलं नाही, लोक सदर वाचतात आणि भजी गुंडाळतात. पण आप्पांच्या आलं. बराच वेळ ते बोटानं हवेत काहीतरी आखत होते. मग मला म्हणाले, "आता मला दिशाही आठवेनाशा झाल्या बघ." मी त्यांना सांगू शकले नाही की दिशा तुमच्या बरोबर आहेत, मुलगा चुकलाय. हे मी तुला कधीच माफ करणार नाही, फळीचं एक वेळ करीन.

"आप्पांना कळलं तर ते कोसळतील." ते कोसळून झालं, बाळा. तुझ्याच गॅलरीतून.

"मला त्यांच्याकडे बघवत नाही." आणि मला बघवतं, हे तुला कुणी सांगितलं? कूस बदलवताना ते दातओठ खातात, पण आवाज काढत नाहीत, कारण पुढच्या खोलीत गिऱ्हाईक असतं. पाठीला पावडर लावताना हाडं हाताला लागतात. मी आरशासमोर उभी राहून 'बघवत नाही' असं म्हणून बघितलं एकदा. काहीच होत नाही. चादरी तशाच पडून राहतात, आप्पाही तसेच पडून राहतात, आणि मग आपण उठतो.

आणि शेवटी हे काय लिहिलंस? "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." हे वाक्य तू सदरात टाक. टाळ्या मिळतील.

मला तुझा राग येतो हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. खालच्या शिंपीकाकांपाशीसुद्धा नाही. आज सांगते. सकाळी गच्चीवर गेले की आधी राग येतो, मग आभाळ दिसतं. माझ्या आयुष्यातल्या सकाळी मी तुला एकेक ओळ करून पाठवल्या आणि तू त्यांवर स्वतःचं नाव घातलंस. नाव घातलंस त्याचंही काही नाही. पण त्या ओळींच्या जोरावर तू आमच्या घरात न येता राहतो आहेस. मी रोज सकाळी उठून तुझं न येणं सोपं करून देते आहे, हे मला चादर पिळताना अचानक कळलं आणि मी पिळतच राहिले.

तू येत नाहीस हे तुझ्या पत्रावरून कळलं. वीस तारखेची वाट बघण्यात अर्थ नाही.

उद्यापासून हवामान बंद.

तुझ्या खिडकीतून काय दिसतं ते लिही, किंवा आत्याबाईंसारखं गुडघ्याच्या दुखण्यावरून अंदाज बांध. मी आप्पांना काही सांगणार नाही, आणि तू छापशील त्यातला शब्दही बदलून वाचणार नाही. जसं असेल तसं वाचीन.

ताई


२२ नोव्हेंबर

हे कुरिअरनं पाठवतेय. बसून वाच.

पहिले चार दिवस तुझं नशीब जोरावर होतं. "कोरडी थंडी, उन्हाला ऊब" असं काहीतरी गुळमुळीत छापलंस आणि नेमकी तशीच हवा पडली. मला वाटलं, हा असाच सुटणार, नेहमीसारखा.

काल सकाळी गारा पडल्या. साध्यासुध्या नाहीत. आप्पांच्या खिडकीखाली पत्र्याचं छप्पर आहे, त्यावर असा दणदणाट झाला की आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. वीज गेली. एक गार खिडकीच्या फटीतून आत उडाली, ती आप्पांनी तळहातावर घेतली आणि विरघळेपर्यंत बघत राहिले. खूश होते. म्हणाले, "आज लिहील बघ तो. गारांवर फार दिवसांत लिहिलं नाही त्यानं."

चार वाजता पेपर आला. शब्द आणि शब्द जसाच्या तसा वाचला मी. "आज सकाळपासून आभाळ निरभ्र. ऊन कोवळं, आणि वारा इतका मऊ की फुग्यात बसून उडावंसं वाटावं." का, तर १७८३ साली याच दिवशी पॅरिसमध्ये माणसं पहिल्यांदा दोरानं न बांधलेल्या फुग्यातून उडाली. इतिहासाला शोभेल असं हवामान शिवलंस तू.

आप्पा म्हणाले, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

मला वाटलं, आता त्यांना कळलं. आता विचारतील. खरं सांगते, थोडं बरंच वाटत होतं. त्यांनी काय विचारलं असेल? "त्याच्या घरात कोण आहे गं त्याच्याजवळ?"

मी म्हटलं, "का?"

"त्याला खिडकीपर्यंत जाता येत नाहीये. पडलाय तो. माझ्यासारखाच पडलाय आणि कळवत नाहीये. गारांचा आवाज ऐकू आला नाही म्हणजे आतल्या खोलीत आहे. मला त्याच्याकडे ने."

तू खोटं छापलंस हे त्यांच्या मनाला शिवलं नाही. तू पडला असशील, हे शिवलं. मी लाख समजावलं. ताप आहे, हाड हलेल, उद्या बघू. ते हातांवर जोर देऊन उठायला लागले. तीन वर्षांत पहिल्यांदा ते कण्हताना मोठ्यानं कण्हले, गिऱ्हाइकासमोर. मग मी शिंपीकाकांना हाक मारली. त्यांनी आणि त्यांच्या जावयानं खुर्चीत बसवून आप्पांना खाली उतरवलं आणि आम्ही टॅक्सी केली.

पुलावर त्यांनी काच खाली करायला लावली. कठड्याच्या कडेनं गारांचे ढीग अजून पडून होते. त्यांनी मान बाहेर काढून आभाळ बघितलं. किती दिवसांनी बघत होते, आणि बघण्यात त्यांचं लक्षही नव्हतं. "जरा भरभर घ्या," असं चालकाला म्हणत होते.

तुझ्या जुन्या इमारतीखाली आम्ही थांबलो. मी वर जाण्याआधीच गॅलरीत एक बाई आल्या, केसांना टॉवेल गुंडाळलेला. शिंपीकाकांनी खालून तुझं नाव घेतलं. त्या वरूनच म्हणाल्या, "ते? ते कधीच विकून गेले की. तीन वर्षं झाली आम्हाला इथे. लांब कुठेतरी असतात म्हणे."

त्या भिंतीला अजून कुणी हात लावलेला नाही. वरचा अर्धा भाग आप्पांच्या हाताचा, फिकट पिवळा, खाली जुना राखाडी, आणि मध्ये जिथे ब्रश सुटला तिथून एक ओघळ. आप्पा त्याच्याकडे बघत बसले. मी टॅक्सीच्या दाराशी उभी राहून सगळं सांगितलं. तू कधी गेलास, कुठे गेलास, सकाळची ओळ कोण पाठवत होतं, आणि ती मी का बंद केली. चालक मीटर बंद करून शहाण्यासारखा लांब जाऊन उभा राहिला.

आम्ही पूल परत ओलांडला. मग बोलले ते तुला लिहिते, अक्षर न बदलता. "तो घाबरला. घाबरतं माणूस. पण तू रोज माझ्या उशाशी बसून वाचत होतीस."

झालं. तुझ्यावर राग नाही. तू लांब आहेस, बिचारा आहेस, घाबरलेला आहेस. राग माझ्यावर. कालपासून माझ्याशी शब्द नाही. औषध मी दिलं तर तोंड फिरवतात, शिंपीकाकांनी दिलं तर घेतात. ऑपरेशनचं विचारलं तर भिंतीकडे बघतात. डॉक्टरांचा फोन आला होता, सव्वीसची खाट ठेवू की सोडू. मी म्हटलं, पंचवीसला सांगते.

माझी एकच मागणी आहे आणि ती विनंती नाही. तू येऊन उपयोग नाही. तू येशील, पायाशी बसून रडशील, ते तुझ्या डोक्यावरून हात फिरवतील, आणि खोटारडी मीच राहीन. त्या माणसाला छापलेलंच खरं वाटतं, आणि तेही तू छापलेलं. म्हणून तू छाप. कुणाच्या सांगण्यावरून मी खोटं बोलले, ते छाप. संपादक काय म्हणतील, गाव काय म्हणेल, तुझं सदर राहील की जाईल, ते मला सांगू नकोस.

पंचवीस तारखेच्या अंकात.

ताई


२५ नोव्हेंबर

पेपर आला. मी दारातच उघडून बघितला नाही, कारण मला वाटलं नव्हतं की तू करशील.

आप्पांनी शिंपीकाकांना वाचायला सांगितलं. काकांनी चष्मा लावला, पहिली ओळ मनात वाचली, आणि पेपर माझ्या हातात दिला. "हे तूच वाच," म्हणाले आणि खाली गेले.

"आज आपल्या गावात हवा कशी आहे, मला माहीत नाही. गेली तीन वर्षं मी त्या गावात राहत नाही. या सदरात रोज छापलं गेलेलं आभाळ माझ्या बहिणीनं बघितलेलं होतं. वडिलांना मी गेल्याचं कळू नये म्हणून तिला मी गप्प बसवलं. आजच्या दिवशी इतिहासात काय घडलं तेही आज देत नाही. एक माहिती मात्र देतो, ती कुठल्या पुस्तकात नाही. आप्पा, त्या दिवशी फळी ओली होती. मी हात लावून बघितली होती. हात ओला झाला, तो मी विजारीला पुसला, आणि पाहुणे ऐकत होते म्हणून सुकली आहे असं म्हणालो."

मी शेवटच्या दोन ओळी वाचल्या आणि मग मला कळलं मी काय वाचलं. तू न बघता बोलला नव्हतास. तू बघून बोलला होतास. तीन वर्षं मी तुला ज्या एका गोष्टीची सूट दिली होती, ती तुला लागूच नव्हती. तू समोर असतास तर मी हात उचलला असता, धाकटा आहेस हे बघितलं नसतं. अजूनही वाटतं आहे.

आप्पांकडे बघायचा धीर होईना. शेवटी बघितलं, तर ते छताकडे बघत होते. म्हणाले, "एवढं छापायला नको होतं त्यानं. गावभर झालं."

मी म्हटलं, "आप्पा, त्याला माहीत होतं. ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं की."

"मग?"

"अगं, जन्मभर फळीवर उभा राहिलोय मी. पाय ठेवण्याआधी हात लावणार नाही होय? ओलीच होती."

मी पेपर खाली ठेवला. मग म्हटलं, "ओली होती, तर चढलात कशाला?"

"चार माणसांत पोरगं म्हणालं होतं, सुकलीय म्हणून. खाली उतरलो असतो तर तो खोटा पडला असता." आणि मग म्हणाले, "वाटलं, जपून उभा राहीन."

मी तिथून उठले आणि इस्त्रीच्या टेबलापाशी येऊन उभी राहिले. दोघांचाही इतका राग आला मला की आधी कुणावर काढावा कळेना. तुला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि आत ताटल्या पुसणारी मी तेवढी एकटी तीन वर्षं मानत होते की तो अपघात होता.

संपादकांचा फोन येऊन गेला. तुझा मजकूर नेहमीसारखा न वाचताच छापायला गेला होता म्हणे. सदर उद्यापासून बंद, त्या जागी शब्दकोडं टाकताहेत. माणूस सभ्य आहे, आवाज चढवला नाही. शेवटी चाचरत म्हणाले, हवामानाची तेवढी ओळ तुम्ही पाठवत जाल का? मी म्हटलं, तुमच्या कचेरीला खिडकी आहे ना.

तुला वाईट वाटत असेल. वाटू दे. मी तुझे आभार मानणार नाही, पण दिलेल्या तारखेला छापलंस हे खरं आहे आणि ते मी नाकारत नाही.

आता शेवटचं. संध्याकाळी आप्पांनी हाक मारली. मला, माझ्या नावानं. औषध मागितलं. घेऊन झाल्यावर म्हणाले, "डॉक्टरांना सांग, खाट ठेवा. उद्या जाऊ." मी विचारलं, त्याला बोलावून घेऊ का? रात्रीच्या गाडीत बसला तर उद्या दुपारी पोचेल. मला खरंच वाटलं होतं की हो म्हणतील. याचसाठी तर अडून बसले होते.

म्हणाले, "नको, त्याला कशाला त्रास. लोकांत तोंड दाखवायची लाज वाटत असेल आता त्याला. हाड एकदा बसलं की मीच जाईन त्याच्याकडे. अठरा तास तर आहेत, बसून जायचं."

समजलं का तुला? तुझ्या शब्दाखातर ज्यानं पाय घालवला, तो माणूस सत्तरी उलटल्यावर पुन्हा खुबा कापून घ्यायला तयार झाला आहे, आणि तो तुझ्याकडे यायला. मी तीन वर्षं अंग पुसलं, त्या मला एवढंच विचारलं की त्या शहरात थंडी असते का, स्वेटर घ्यावा लागेल का. मी रडले. रागानं रडले, ते त्यांना कळलं नाही.

उद्या सकाळी आठला त्यांना आत नेणार आहेत. ते बरे होतील की नाही मला माहीत नाही. झाले, तर मी त्यांना गाडीत बसवून देईन. तुझ्या दारापर्यंत येणार नाही.

तेव्हा तरी घरी सापड.

ताई